खुर्चीची खालची बाजू

'घरगुती फर्निचर. सवलत नामंजूर.' कर कार्यालयाचं पत्र वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमची भिंगरी अकरा वर्षांची. जन्मापासून तिचं अंग तिचं ऐकत नाही. आधार काढला की डावीकडे कलते. डोळे मात्र घरभर भिरभिरतात, म्हणून हे नाव. दुकानातली एक खुर्ची तिला धरेल तर शपथ! शेवटी तिच्या बापानेच, सुतार आहे तो, तिच्या अंगाला बसेल अशी खुर्ची केली. अपंग मुलांच्या साधनांचा खर्च करातून वजा होतो असं कळलं, तेव्हा आम्ही लाकूड, फोम, पट्टे सगळ्याची बिलं जोडली. त्यावर हे उत्तर. वर 'वैद्यकीय शिफारस जोडलेली नाही' हेही होतंच. इकडे पोरगी ताडमाड वाढलेली, जुन्या खुर्चीत जेमतेम मावत होती. कर परत मिळाला तरच नवीचं लाकूड येणार होतं.

मी लगेच अपील ठोकलं. सुनावणीची तारीख द्यायला कारकुनाचा फोन आला. "येताना मुलीला आणा, मॅडम बघतील."

"माझी लेक काय प्रदर्शनात मांडायची आहे? ती शाळेत जाईल. खुर्ची आणते, ती बघा!"

लिफ्ट बंद. नवऱ्याने खुर्ची डोक्यावर घेतली आणि आम्ही तीन मजले चढलो. "जरा जिभेला आवर घाल," तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. ते तुम्हाला छान जमतं."

अधिकारी मॅडम किरकोळ अंगाच्या, चष्मेवाल्या. खुर्चीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ही तर खुर्चीच आहे की हो."

"मग बसा ना."

कारकून दचकला. मॅडम मात्र खरंच बसल्या. डाव्या उंच फळीने त्यांचा खांदा वर ढकलला, मधल्या ठोकळ्याने गुडघे अलग केले. फाइल घ्यायला गेल्या तर हात पोचेना. एक मिनिटही झालं नसेल, मान चोळत उठल्या. "अगं बाई! यात कोण बसणार?"

"एकच जण," मी म्हटलं. "ती यात बसून जेवते, अभ्यास करते आणि माझ्याशी कडाकडा भांडते."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "मला पटलं हो. पण शिफारशीचा कागद नसेल तर माझे हात बांधलेले आहेत."

माझं सगळं अवसान गळालं. कागद नव्हताच. फिजिओथेरपीच्या ताई थेट नवऱ्याच्या कारखान्यात आल्या होत्या आणि उभ्या उभ्या मापं सांगून गेल्या होत्या.

तेवढ्यात नवऱ्याने खुर्ची उचलली आणि उलटी टेबलावर ठेवली. "कागद भुशात हरवतो, मॅडम. आम्ही मापं फळीवरच लिहून घेतो."

बैठकीखाली पेन्सिलीने सगळं लिहिलेलं होतं. पाठीचा कोन, बैठकीचा उतार, ठोकळ्याची रुंदी. त्याखाली 'कणा सरळ राहण्यासाठी आवश्यक', ताईंची सही, तारीख आणि सवयीने टाकलेला नोंदणी क्रमांकसुद्धा! दोन वर्षं मी त्या खुर्चीखालचा केर काढतेय, पण एकदा वर मान करून बघितलं असेल तर!

"हे आधी का नाही बोललात?" मी कडाडले.

"तू बोलत होतीस ना."

मॅडमनी वाकून अक्षर न् अक्षर वाचलं. "शिफारस लेखी हवी, असं नियम म्हणतो. लाकडावर नको, असं कुठेच म्हणत नाही." कारकुनाकडून त्यांनी फळीचा फोटो काढून घेतला, फाइलला लावला. 'फर्निचर' या शब्दावर सरळ काट मारली आणि वर लिहिलं, 'साहाय्यक साधन. मंजूर.'

जिंकलो! उतरताना खुर्ची मी डोक्यावर घेतली, नवऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही.

महिन्याभरात नवं लाकूड आलं. ताई पेन्सिल घेऊन कोऱ्या फळीवर वाकल्या. भिंगरी जुन्या खुर्चीतून सगळं टिपत होती.

"ताई, यंदा अक्षर जरा मोठं काढा," मी म्हटलं. "मागच्या वेळी मॅडमना फार वाकावं लागलं."

भिंगरी इतकी खदखदून हसली की पार डावीकडे कलली, आणि बापाने लावलेल्या त्या फळीने तिला अलगद धरलं.