वरवंट्याच्या कानातला किडा

शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. इंझोरीहून, धनजहून बैलगाड्या आल्या होत्या. मधोमध कानातले किडे काढणारे महाराज, पुढ्यात पाण्याची परात. परातीत वीट, विटेवर तापून लाल झालेला नांगराचा फाळ. त्यावर चिमूटभर तेलकट औषधी टाकायची, बुडाला भोक पाडलेलं मडकं वरून पालथं घालायचं आणि भोकातली वेळूची नळी पोराच्या कानाला लावायची. धूर कानात गेला की मडकं उचलायचं. पाण्यावर पांढरे, वाकडे किडे तरंगत.

“हा मठ्ठपणाचा किडा,” महाराज सांगत. “कानातून डोक्यात जाते अन् पाढे खाते. पाटलाच्या पोराच्या कानात एखादा निंगते. वस्तीच्या पोरायच्या कानात तर वारूळच हाय.”

वस्ती म्हणजे आमची. छप्पन साली माझ्या सासऱ्यांनी देव सोडले, बौद्ध झाले. गावानं मात्र आमच्या पोरांची वर्गातली जागा बदलली नाही : मागची, दारालगतची.

माझी विशाखा दुसरीत. पावसाळ्यापासून तिचा उजवा कान वाहत होता. इंद्रभान गुरुजींनी सासूबाईंना सांगितलं, “पोरगी हाक मारली तं पाहत नाही. किडा काढून घ्या.” मी घरी नव्हते. विद्यापीठाच्या परीक्षेचा अर्ज भरायला अमरावतीला गेले होते. बी.ए.ला शिक्षणशास्त्र नि समाजशास्त्र असे दोन्ही विषय मी घेतले होते. परतले तेव्हा पोरीला धुरी देऊन झाली होती आणि कानातून रक्त येत होतं.

“महाराज म्हने, माय दोन-दोन शास्त्रं वाचते, त्याच्यानं किडे वाढले,” पंचफुलाबाई, माझ्या सासूबाई म्हणाल्या. “उद्या आखीन एक धुरी लागते.”

मी तशीच पटांगणात गेले, पाहत उभी राहिले. महाराजांच्या चिमटीतून एक बी खाली पडलं, ते उचललं. चपटं, पिवळसर. बांधावरच्या काटेरी रिंगणीचं. घरी रिंगणीची पिकली फळं फोडली, बिया तेलात घोळून तापल्या तव्यावर टाकल्या. तडतडल्या, साल फुटली आणि आतला पांढरा कोंब वाकडा होऊन बाहेर आला. हुबेहूब किडा.

दुसऱ्या दिवशी सासूबाई विशाखाला घेऊन पुढं सरकल्या तशी मी पोरीला मागं ओढलं आणि पदराखालचा वरवंटा काढला.

“महाराज, आधी याले धुरी द्या.”

“बाई, हा तं गोटा हाय.”

“तेच म्हनते. लय मठ्ठ हाय. रोज मसाला वाटते, पन एक पाढा येत नाही.”

लोक हसले. महाराज हात मागं घेऊ लागले, तेव्हा जानराव मामा, वस्तीतले जुने हमाल, पुढं झाले. “काहून भेता महाराज? गोट्यातून किडा थोडीच निंगते?”

मामांनीच महाराजांच्या औषधीतल्या बिया फाळावर टाकल्या, मडकं पालथं घातलं. मी नळी वरवंट्याला लावली. मडकं उचललं. पाण्यावर किडेच किडे.

“अबे, हा तं वस्तीतल्या पोरायपेक्षा ढ निंगाला,” कोणीतरी मागून बोललं. सासूबाई परातीकडं पाहत राहिल्या. मग विशाखाला त्यांनी स्वतः कडेवर घेतलं.

कारंज्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला भोक होतंच, गरम धुरानं ते वाढलं. त्या कानानं तिला आता नीट ऐकू येणार नाही. मी गुरुजींच्या दारात जाऊन म्हटलं, “पोरगी ऐकत नव्हती असं नाही, गुरुजी. तिला तुमचा आवाजच पोचत नव्हता.” ते म्हणाले, “वर्ग मोठा हाय, बाई.”

मूल शिकत का नाही, हे माझ्या एका विषयाच्या पुस्तकात होतं. कोणाचं मूल कुठं बसतं, हे दुसऱ्यात. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय महाराजांचा धंदा कळत नाही. ज्यांनी पोरं मागं बसवली, त्यांना किडा हवाच होता.

बायांनो, कान वाहत असेल तर लेकराला दवाखान्यात न्या. धूर, तेल, मंतरलेलं काहीही कानात जाऊ देऊ नका. आणि कोणी तुमच्या पोराला मठ्ठ म्हटलं, तर आधी वर्गात जाऊन पाहा, त्याला बसवलंय कुठं.