कोणाच्या ओळखीनं आलात?

माझे सासरे खंडेराव, म्हणजे आमचे तात्या, गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत विचारायचे, "कोणाच्या ओळखीनं आलात?" देवळाली कॅम्पच्या रस्त्याला आमचं सगुणा लॉन्स आहे, लग्नाकार्याला भाड्याने देतो. दर ठरलेला, पण ओळख निघाली की तात्या आपणहून खाली येत. नुसता भाव करणाऱ्याला ते दारात उभं करत नसत. माणूस कोणाचा तरी असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सून म्हणून आले तेव्हापासून हे ऐकतेय आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला होता.

हर्षाली माझी नणंद. तीन वर्षांपूर्वी ती नामपूरचं सासर सोडून आली. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, फक्त बोलत नव्हता. महिनेच्या महिने नाही. भरलेल्या घरात हिच्याशी कोणी शब्द काढायचं नाही. तात्यांना हे कारणच वाटेना. "बोलत नाय म्हणून कुणी घर सोडतं का?" असं ते मला विचारायचे, जसं काही मीच तिला फूस लावली होती.

इथे आल्यावर तिने आमच्या लॉन्सचं नाव लग्नाच्या हॉलच्या एका साइटवर घातलं. वर्षाची फी भरायची, मग हॉल शोधणाऱ्यांचे नंबर मोबाईलवर येतात. हर्षाली दिवसभर त्यांच्याशी बोलायची. पार्किंग किती, जेवणाला वेगळी जागा आहे का, नवरीच्या खोलीत एसी आहे का. मग कोणाच्या आईचं दुखणं, कोणाचे रुसलेले काका, तेही ऐकून घ्यायची. बोलताना तिचा चेहरा उजळायचा. मला ते बघायला फार आवडायचं.

फी पुन्हा भरायची वेळ आली आणि त्याच आठवड्यात नामपूरहून माणसं आली, पोरीला पाठवा म्हणून. तात्यांनी दोन्हींचा एकदमच निकाल लावला. "एक सीझन बघू. त्या मोबाईलमधून पैसे वसूल झाले तर हर्षा इथंच राहील, ते काम सांभाळील. नाय झाले तर साइट बंद, आणि ती नामपूरला."

माझा नवरा महेश हिशेबाला बसला. कॉम्प्युटरवर दोन रकाने केले, एक ओळख, एक मोबाईल. बुकिंगला येईल त्याला तात्यांनी विचारायचं आणि तो सांगेल त्या रकान्यात रक्कम टाकायची. यात भांडायला जागाच नाही, असं महेश म्हणाला. मलाही ते सरळच वाटलं.

सीझन जोरात गेला. मुहूर्ताची एक तारीख रिकामी राहिली नाही. पण आलेला प्रत्येक जण कोणाचा तरी निघायचा. कॅम्पातले एक सुभेदार लेकीचं लग्न ठरवायला आले. माणूस मूळचा साताऱ्याकडचा, पण तोही म्हणाला, "विंचूरचे पाटील तुमचं फार नाव काढत होते." विंचूरला पाटलांना काय तोटा? तात्या मात्र खूश. "पाटील, हां हां, आपलाच माणूस." चहा आला, भाव उतरला, रक्कम ओळखीच्या रकान्यात गेली. मोबाईलचा रकाना जवळजवळ कोराच राहिला.

पावसाच्या तोंडावर महेशने आकडे वाचून दाखवले. साइटची फीसुद्धा निघाली नव्हती.

"दादा, यातले बहुतेक आधी माझ्याशीच बोललेत," हर्षाली म्हणाली. "नंबर आहेत माझ्याकडे."

"मग ते तात्यांना तसं का सांगत नाहीत?"

तिने तात्यांकडे पाहिलं. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. "अजून नावावर माणसं येतात म्हणायची," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, संपलं आपलं."  मी हर्षालीला खुणावलं, बोल म्हणून. ती काही बोलली नाही आणि मला तिचा भयंकर राग आला. साइट बंद झाली आणि आठवड्याभरात तिचा दीर येऊन तिला घेऊन गेला.

पुढच्या सीझनला फोन वाजेनात. तुळशीचं लग्न झालं तरी गेटवर कोणी फिरकेना. तात्या कडक इस्त्रीचा शर्ट घालून रोज ऑफिसात बसायचे आणि जेवायला उशिरा यायचे. एकदा ताट सरकवत म्हणाले, "मनीषा, लोक विसरले गं मला." 

मग एक जण आला. कॅम्पातलाच, मोकळाढाकळा माणूस. तात्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला तसा तो हसला.

"खरं सांगू का तात्या? आमच्या सुभेदार साहेबांनी लेकीचं लग्न इथंच केलं. तेव्हा तुमच्याकडे फोनवर एक ताई होत्या. त्यांनीच साहेबांना सांगितलेलं, तात्यांना कोणाची तरी ओळख सांगा, त्यांना बरं वाटतं आणि भावही कमी होतो. विंचूरच्या पाटलांचं नाव त्यांनीच सुचवलं. आता त्या ताईंचा तेव्हाचा नंबर लागत नाही. मी कोणाचं नाव सांगू?"

मी तिथेच हिशेब करत बसले होते.  तात्या रागावले नाहीत. "कोणाचं नको," एवढंच म्हणाले आणि ओळखीचाच भाव सांगितला.

माणूस गेल्यावर त्यांनी महेशला नामपूरला फोन लावायला सांगितला. महेशने स्पीकर सुरू करून मोबाईल त्यांच्यासमोर ठेवला.

"हर्षा, तू तेव्हाच का नाय बोलली?"

 ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर कसं बोलणार होते, तात्या?"

"चूक झाली माझी. तू ये परत. साइट चालू करू, सगळं तूच बघ."

"नको आता."

"का गं?"

"मागच्या वेळी इथून निघाले तेव्हा तुम्ही घरात घ्याल याची खात्री होती. आता नाही."

तात्या म्हणाले, "हॅलो." पुन्हा म्हणाले. फोन चालूच होता, तीच बोलत नव्हती.

साइट आम्ही परत सुरू केली. ते फोन आता मी घेते, आणि तात्या कोणाला ओळख विचारत नाहीत. रविवारी मी हर्षालीला फोन करते. इकडचं तिकडचं मीच सांगत राहते. ती हं म्हणते, बरं म्हणते, आणि ठेवते.