शीळफाट्यावरून परत

फोन वाजला तेव्हा रेमी सासूबाईंना कुशीवर वळवत होती. एक हात त्यांच्या खांद्याखाली, दुसरा कमरेखाली. मध्येच सोडता येत नव्हतं, त्यामुळे फोन वाजून वाजून बंद झाला. परत वाजायला लागला तेव्हा दिवसाच्या कामाला येणारी मंजुळा म्हणाली, "ताई, तुमच्या भावाचा दिसतोय," आणि तिने तो रेमीच्या कानाला धरला.

ऐझॉलहून रुआता बोलत होता. तो नेहमी 'उ रेमी' अशी हाक मारायचा. त्यांच्या भाषेत 'उ' म्हणजे थोरलं भावंड. आज तो नुसतं "उ" म्हणाला आणि थांबला. त्याच्या मागे लाऊडस्पीकरवरून कुणीतरी वस्तीला काही सांगत होतं. तिकडे कुणी गेलं की अशीच घोषणा होते आणि ऐकणारा हातातलं काम ठेवून त्या घराकडे चालू लागतो. रेमीने त्या लाऊडस्पीकरवर आईचं नाव ऐकलं. रुआताला पुढे काही सांगावं लागलं नाही.

तिने सासूबाईंच्या पाठीमागे उशी नीट लावली आणि मग खाली फरशीवर बसली.

रेमीचं पूर्ण नाव लालरेमसांगी. पुण्याला कॉलेजात असताना प्रफुल्लशी ओळख झाली, पुढे लग्न करून ती डोंबिवलीत आली. प्रफुल्ल मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावरच. घरात ती आणि सासूबाई. कलावतीबाई शहाडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. सुनेचं लांबलचक नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी 'रेमा' करून टाकलं. मिझो भाषेत 'आ'वर संपणारं नाव पुरुषाचं आणि 'ई'वर संपणारं बाईचं. पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा रेमीला हसू फुटलं होतं. "का गं हसतेस?" असं त्यांनी विचारलं, पण तिने कधी सांगितलं नाही. तिला मराठी त्यांनीच शिकवली होती. 'ळ' म्हणता येईपर्यंत त्यांनी तिला सोडलं नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, 'नको'. चहा दाखवला तरी नको, आणि मग सगळा चहा प्यायच्या. पाठ दुखली तरी नको, खिडकी उघडली तरी नको. गिळताना घोट चुकला तर श्वासनलिकेत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून चमच्याचमच्याने भरवावं लागे. रेमीने बालवाडीतली नोकरी सोडली. मंजुळा सकाळी यायची आणि सहाला दुसऱ्या पेशंटकडे जायची. ती असेल तेवढ्या वेळात रेमी औषधं आणि भाजी घेऊन यायची. एवढंच बाहेर पडणं. एमआयडीसीचा वास आला की खिडक्या लावायच्या, गेला की उघडायच्या.

आईला तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. ऐझॉलजवळच्या सायरंगपर्यंत रेल्वे पोचली तेव्हा आईने फोनवर सांगितलं होतं, आता विमान नको की काही नको, मी गाडीत बसून गुवाहाटीला येते, तिथून थेट कल्याण. तुझ्या सासूला बघून जाते. त्यानंतर आईची छाती दुखायला लागली आणि ते राहून गेलं.

"उद्या दुपारी दोनपर्यंत थांबू," रुआताने सांगितलं. "मोठ्या लोकांनी कबूल केलंय. तू ये."

तिकडे कुणी इतकं थांबत नाही. सकाळी गेलेल्या माणसाला शक्यतो त्याच दिवशी माती देतात. वस्तीतली पोरं कबर खणतात, कुणी त्यांना बोलवायला जात नाही. तिच्यासाठी सगळे थांबणार होते.

प्रफुल्ल ब्राझीलच्या वाटेवर होता. त्याचा फोन लागला, पण तुटक. "मला उतरता येणार नाही गं, पुढचं बंदर लांब आहे. विनिताला सांग."

विनिता म्हणजे त्याची मोठी बहीण, ठाण्याला घोडबंदर रोडला राहणारी. रेमीने तिला फोन केला.

"ताई, माझी आई गेली. मला आजच निघायला पाहिजे. चार दिवस तुम्ही येऊन राहाल का?"

"अगं बाई!" विनिता रडायलाच लागली. "जा तू, जा. विचारतेस काय? मी दोनपर्यंत पोचते. तू विमान बघ."

संध्याकाळचं कोलकात्याचं विमान मिळालं, तिथून सकाळी ऐझॉलचं. रेमीने बॅग भरली. कपाटातून आईने लग्नात दिलेलं काळं पुआन काढलं. लुंगीसारखं नेसायचं हे हातमागाचं वस्त्र, आणि काळं खास दुखवट्यासाठी. सासरी जाणाऱ्या प्रत्येक मिझो मुलीला ते बरोबर देतात. दोन वाजून गेले, अडीच झाले. "निघालेय, माजिवड्याला ट्रॅफिक आहे," विनिताचा मेसेज आला. आणखी थांबलं तर विमान चुकलं असतं. मंजुळा म्हणाली, "तुम्ही जा ताई. सहापर्यंत मी आहेच ना. तोवर येतील त्या."

रेमी सासूबाईंजवळ वाकली. "आई, माझी आई गेली. मी जाऊन येते. विनिताताई येतायत."

कलावतीबाईंनी डाव्या हाताने तिची बाही धरली. "नको," त्या म्हणाल्या. "नको, नको."

जाऊ नको, की असं व्हायला नको होतं? रेमीला कळलं नाही. विचारून उपयोग नव्हता. बोटं घट्ट होती. तिने एकेक बोट सोडवलं आणि निघाली.

शीळफाट्याच्या अलीकडे टॅक्सी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला मेट्रोच्या खांबांचे पत्रे. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. तेवढ्यात विनिताचा फोन आला. पलीकडून गाडीचा आवाज येत नव्हता.

"पोचलात का ताई?"

"रेमा, मी घरी आहे." विनिता हळू बोलत होती. "निघाले होते गं, खोटं नाही सांगत. माजिवड्यापर्यंत आले आणि तिथून फिरले. मला नाही जमणार. आईला तसं बघितलं की माझे हातपाय गळतात. मी तिचं ते डायपर वगैरे... तिला ठसका लागला, काही झालं, तर मी काय करू? एखादी नर्स मिळते का बघते ना मी, उद्यापर्यंत."

"उद्यापर्यंत कोण बघणार?"

विनिताने नाक ओढलं.

"ताई, मी शीळफाट्यावर आहे."

"मला माफ कर," विनिता म्हणाली आणि फोन ठेवला.

रेमीने मंजुळाला लावला. मंजुळाची अडचण खरीच होती. रात्रीचा पेशंट सोडला तर ते काम गेलं असतं. "आणि ताई, आजी तोंडच उघडत नाहीत. तुम्ही गेल्यापासून पाणीसुद्धा नाही घेतलं." समोरच्या नीलाताईंची आठवण झाली, पण त्यांच्या कमरेला पट्टा. त्या सासूबाईंना उचलून वळवणार कशा? रेमीला वाटलं, दार उघडावं आणि चालत सुटावं. पत्र्यांच्या कडेने चालत गेलं की कुठेतरी रस्ता मोकळा असेलच.

कंटेनर हलला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, पुढे यू-टर्न आहे. तुम्ही फोनवर बोलत होतात म्हणून विचारतो. घ्यायचा का? नंतर लांब पडेल."

पुढच्या गाडीचे लाल दिवे विझले. मागून हॉर्न सुरू झाले.

"घ्या," ती म्हणाली.

परतीचा रस्ता मोकळा होता. तेच तिला सहन झालं नाही. इतक्या लवकर घर यायला नको होतं. वाटेत तिने रुआताला सांगितलं, माझ्यासाठी थांबू नका.

"का?"

"सासूबाईंजवळ कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?" त्याला खरंच कळेना. "शेजारी?"

"आहेत."

"मग? त्यांना माहीत नाही का, तुझी आई गेलीय ते?"

"मी सांगितलं नाही," रेमी म्हणाली. सांगायचं असतं हे तिला सुचलंच नव्हतं. तिकडे लाऊडस्पीकर सांगतो.

घरी आल्यावर तिने हात धुतले आणि सासूबाईंना साफ केलं. रोज ती बोलत बोलत करायची. आज एक शब्द बोलली नाही. चादर ओढताना हात जरा जोरातच पडला. कलावतीबाईंनी डोळे मिटून घेतले. मग तिने पेज भरवली. त्यांनी सगळी घेतली. त्या घेतायत याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काळं पुआन नेसली आणि फोन खिडकीत टेकवून ठेवला. मावसबहिणीने तिकडून व्हिडिओ लावला होता. घरात बाया दाटीवाटीने बसलेल्या, मध्ये शवपेटी, तिच्यावर नातेवाइकांनी पांघरलेली पुआनं. ढोल संथ वाजत होता आणि सगळे एका आवाजात गात होते. मग पोरांनी शवपेटी खांद्यावर घेतली. डोंगराच्या कुशीतलं घर, दारापासून रस्त्यापर्यंत नुसत्या उभ्या पायऱ्या. खांदे बदलत ते सांभाळून उतरत होते. रेमी गाऊ लागली, पण फोनमधला आवाज मागे पडत होता, तिचा पुढे जात होता, मेळ बसेना. कबरीशी पोचल्यावर चित्र गोठलं. परत आलं तेव्हा माती टाकून झाली होती.

वळून पाहिलं तर कलावतीबाई फोनकडे बघत होत्या. डाव्या डोळ्यातलं पाणी उशीवर उतरलं होतं. रेमीने ते पुसलं. काल हात जोरात पडला होता तिथे, दंडावर, तिने थोडा वेळ हात ठेवला.

मंजुळाने जाता जाता नीलाताईंना सांगितलं होतं. संध्याकाळी त्या पट्टा बांधूनच आल्या, बरोबर बुद्धविहारातल्या उपासिका मंडळाच्या पाच-सहा जणी, पांढऱ्या साड्यांत. "अगं, काल का नाही बोललीस?" नीलाताई रागावल्या. "मला उचलता येत नसेल, कुणाला तरी बोलवता येतं ना!" त्यांनी मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. मग म्हणाल्या, "तुमच्यातलं काही असेल तर म्हण." रेमीने एक कडवं म्हटलं. बायांना त्यातला शब्दही कळला नाही, पण संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग एकेक जण स्वयंपाकाचं कारण सांगून उठली. ऐझॉलला पोरं रात्रभर गात बसली असती.

रविवारी विनिता आली. फळांची पिशवी घेऊन दारातच उभी राहिली आणि रडायला लागली.

"आत या ताई," रेमी म्हणाली. "रडू नका. हात धुवा."

"कशाला?"

"भरवायला शिकवते. आईच्या थडग्यावर दगड बसवायचाय. त्याला मी जाणार आहे, मे महिन्यात. तोपर्यंत रोज या."

"आणि नाही जमलं तर?"

"जमेपर्यंत या."

विनिताने वाटी घेतली. पहिला चमचा गळ्यावर सांडला. तिने रेमीकडे पाहिलं. रेमीने वाटी परत घेतली नाही, फक्त नॅपकिन दिला.

विनिता दोन आठवडे येत राहिली. मग चार दिवस आली नाही, मग परत आली. आता तिला वळवता येतं, पण डायपर अजून नाही. प्रफुल्लचं उतरणं कंपनीने पुढे ढकललं. नीलाताईंनी मंडळातल्या एकीला रात्रीसाठी विचारून ठेवलंय, तिचं नक्की नाही.

रुआताचा फोन येतो. दगड घडवायला टाकलाय म्हणतो.

"मेमध्ये कधी?" तो विचारतो.

"सांगते," रेमी म्हणते.