जनतेची धावपट्टी

कोल्पापाताच्या विमानतळावर आठवड्यातून एकदा, बुधवारी, विमान यायचं. उरलेले सहा दिवस ते येऊन गेल्याची आठवण काढली जायची. तीनशे माणसं मावतील एवढं दालन होतं, तीनशे खुर्च्या होत्या, आणि त्यातल्या दोनशे नव्वद खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं. गेल्या महिन्यात एका बुधवारी चार प्रवासी उतरले. त्यातल्या एकाला खरं तर दुसऱ्याच गावी जायचं होतं. तो पुढच्या बुधवारपर्यंत इथेच अडकला, मग परत गेला. त्यामुळे त्या आठवड्यात जाणाऱ्या प्रवाशांची संख्या दुप्पट झाली, असं विमानतळप्रमुख एपिफानियो कोल्केने राजधानीला कळवलंही.

फाटकावर सरकारी पाटी होती : 'ही मालमत्ता जनतेची आहे. जनतेने आत येऊ नये.'

आत एपिफानियो होता, आगीच्या बंबाचा बंबवाला होता आणि डोन्या प्रिमितिवा होती. ही बाई प्रवाशांच्या पिशव्या तपासायची. तपासून झालं की डोक्यावरची सरकारी टोपी काढायची, आपली उंच हॅट घालायची आणि त्याच प्रवाशांना जांभळ्या मक्याचं गरम पेय, आपी, विकायची. पिशवीत काय आहे हे तिला आधीच ठाऊक असायचं, कारण बहुतेक प्रवासी तिचे शेजारी होते.

पाटीवरची जनता म्हणजे नेमकी त्रेचाळीस घरं. गावाची कुरणं त्यांची. अकरा वर्षांपूर्वी याच एपिफानियोने गावसभेत हॅट छातीशी धरून ती मागितली होती. "जमीन द्या. विमान येईल, विमानाबरोबर माणसं येतील, माणसांबरोबर बाजार येईल. माझा शब्द." बेचाळीस घरांनी अंगठे उठवले. त्रेचाळिसावा अंगठा त्याच्या थोरल्या भावाचा, सातुर्निनोचा. तो संध्याकाळी उठला. ओढ्याकाठचं सगळ्यात चांगलं गवत या दोघा भावांचं होतं, आणि तेही कुंपणात गेलं.

तेव्हापासून सातुर्निनो आपले एकतीस लामा कुंपणाबाहेरच्या खडकाळ जागेत चारायचा आणि येता-जाता धाकट्याची चौकशी करायचा.

"काय प्रमुखसाहेब, आज किती उतरले?"

"दादा, आज सोमवार आहे."

"हो का? मला वाटलं बुधवार. दिसायला अगदी सारखेच दिसतात."

जानेवारीच्या शेवटी खात्याचं पत्र आलं. कार्निव्हल संपल्यावर लगेचच्या बुधवारी, नेहमीच्या विमानाने, तपासणीसाठी अधिकारी येणार होत्या. धावपट्टी योग्य आढळली तर पाच वर्षांचा परवाना. नाही आढळली तर विमान बंद. एपिफानियोने ते पत्र तीनदा वाचलं आणि खिशात ठेवलं. भावाला सांगायचं नाही असं ठरवून तो कुंपणाशी गेला आणि पहिल्याच वाक्यात सांगून मोकळा झाला.

सातुर्निनोने गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली. "अकरा वर्षांत त्या जमिनीची एकदा तरी चाल्या केलीस?"

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्या मुलखात चाल्या असते. घर, शेत, ट्रक, शिवणयंत्र, जे जे म्हणून पोटाला घालतं त्याच्यावर फुलं, कागदी फिती आणि साखरगोळ्या उधळायच्या, दारू शिंपडायची, आणि पाचामामाला, म्हणजे धरणीआईला, तिचा वाटा द्यायचा. नुसता विमानतळ तेवढा कोरडा राहिला होता.

"धावपट्टीवर बाहेरची वस्तू टाकायची नसते, दादा. खडासुद्धा नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मोठ्या इंजिनियरांनी. परदेशात."

"त्यांची होती का जमीन?"

हा प्रश्न एपिफानियो गेली अकरा वर्षं टाळत आला होता. पण आतापर्यंत त्याच्या खिशात पत्रही नव्हतं. "कडेकडेने करा," तो म्हणाला. "गवतावर. सिमेंटला हात लावायचा नाही."

मंगळवारी बँड लावून त्रेचाळीस घरं आत आली. कडेकडेने हा शब्द बियरच्या तिसऱ्या खोक्यापर्यंत टिकला. मग डोन्या प्रिमितिवाच म्हणाली, "पाचामामाला काय दारात उभं करून वाढायचं?" आणि सगळे सिमेंटवर आले. बंबाला फुलांच्या माळा पडल्या. मैलभर फटाके लागले. काटे फुटलेल्या गुलाबी-पिवळ्या साखरगोळ्या पोत्याने आणल्या होत्या, त्या मुठीमुठीने उडू लागल्या. दुपारी एपिफानियो स्वतः गळ्यात कागदी फिती अडकवून धावपट्टीच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेला लोकांनी पाहिला. त्याने बियर ओतली आणि सिमेंटवर तळहात टेकवला. ते उन्हाने कोमट झालं होतं, गुराच्या पाठीसारखं. "राहू दे," एवढंच तो म्हणाला. काय राहू दे, ते पाचामामाला कळलं असावं असं त्याला वाटलं.

बुधवारी पहाटे सगळं गाव झाडू घेऊन हजर होतं. तपासणीसाठी एवढी झाडलेली धावपट्टी देशात दुसरी नसेल. फिती गेल्या, पाकळ्या गेल्या, बाटल्यांची बुचं मोजून गोळा झाली. पण रात्री गारा पडल्या होत्या. गारांनी साखरगोळ्या विरघळवून सिमेंटच्या भेगांत नीट भरून ठेवल्या होत्या, आणि साखर झाडूने निघत नाही.

नऊला ऊन चढलं. सवानऊला तळ्याकडून पहिला कुरव, पांढरा पाणपक्षी, आला. त्याने चोच मारली, मान वर केली आणि नातेवाइकांना हाक दिली.

दहापर्यंत धावपट्टी पांढरी झाली. बंबवाल्याने भोंगा वाजवला. कुरव उठले आणि तीस पावलांवर बसले. प्रिमितिवा एप्रन फडकवत धावली. त्यांनी तिला मान दिला आणि तिच्या मागे बसले. सातुर्निनोने गोफण चालवली. दहा वीसला विमान दिसलं. ते चाकं काढून खाली आलं, हजारभर पक्षी एकदम उठले, आणि विमान गुरगुरत वर गेलं. दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा एवढं खाली आलं की खिडकीतले चेहरे दिसले. मग ते वर चढलं, वळलं आणि राजधानीच्या दिशेने बारीक होत गेलं.

झाडू हातात घेऊन गाव उभं होतं. सातुर्निनोने गोफण गुंडाळली. "आवडलं म्हणायचं पाचामामाला," तो म्हणाला. हसावं असं त्यालाही वाटत नव्हतं.

शुक्रवारी अधिकारी बाई आल्या. बसने. इंजिनियर आर्तेआगा त्यांचं नाव. वय बेताचं, बूट धुळीने भरलेले.

"सात तास लागले," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "रस्ता मस्त झालाय हो तुमचा. बसमध्ये सिनेमासुद्धा होता."

बस असताना विमान कशाला, अहवाल हाच, हे एपिफानियोला कळून चुकलं. पुढचं नुसतं चालणं होतं. बाईंनी धावपट्टीवर बसून नखाने गुलाबी खरवड काढली.

"हे काय?"

"साखर."

"कुणी टाकली?"

"मी."

"बरं झालं सांगितलंत. नाहीतर 'अज्ञात पदार्थ' म्हणून प्रयोगशाळेत पाठवावं लागलं असतं. त्यात सहा महिने जातात."

"बंद करणार?"

"छे, छे. जनतेचा विमानतळ असा बंद करता येत नाही, त्याला कायदा लागतो. फक्त विमान थांबेल." दालनात येऊन त्यांनी एक कागद काढला. त्यावर दोन चौकटी होत्या. "इथे प्रमुखाची शिफारस लागते आणि शक्यतो तीच मान्य होते. पहिल्या चौकटीत खूण केलीत, की विमानतळ आवश्यक. मग सगळं आहे तसंच राहील. तुम्ही, या बाई, बंब, पगार. विमान सोडून सगळं. माझ्याकडे असे चार आहेत. एके ठिकाणी तर जुना प्रमुख रिटायर होऊन नवा लागलासुद्धा."

"आणि दुसरी?"

"अनावश्यक. जमीन मूळ मालकांना परत. आहे त्या स्थितीत."

"आहे त्या स्थितीत म्हणजे?"

"म्हणजे सिमेंटसकट. माझी बस साडेतीनला आहे. सावकाश होऊ द्या."

एपिफानियो प्लॅस्टिक न काढलेल्या खुर्चीवर बसला. पहिल्या चौकटीत विमान नव्हतं, पण विमान येणार असं म्हणायची सोय होती. अकरा वर्षं त्याने तेच केलं होतं, आणि त्यात त्याचा हात बसला होता.

डोन्या प्रिमितिवा आपीचा पेला घेऊन आली. हॅट की टोपी, याचा विसर पडून ती उघड्या डोक्याने आली होती.

"डॉन एपिफानियो, माझ्या पेन्शनला दोन वर्षं राहिलीत," तिने पेल्याला सांगितलं.

"माहीत आहे, डोन्या."

"माझ्या नवऱ्याचं कुरण त्यात आहे का?"

"आहे. उत्तरेच्या टोकाला."

तिने पेला त्याच्या हाताशी ठेवला. "मग मारा खूण. लामांना पेन्शन लागत नाही."

त्याने दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि शिक्का मारला. बाईंनी कागदावर फुंकर घातली. "दुसरी चौकट कुणी वापरलेली मी पहिल्यांदाच पाहतेय," त्या म्हणाल्या, आणि आपी मागून घेतलं.

रविवारी गावसभा भरली. शाळेच्या भिंतीला टेकून सगळे बसले आणि एपिफानियोने हॅट छातीशी धरून सांगितलं की विमान येणार नाही, बाजार येणार नाही, जमीन परत मिळाली आहे. टाळी पडली नाही. कुणी शिवीही दिली नाही. शिव्यांची तर तो घरूनच तयारी करून आला होता.

मग वाटप निघालं. बुलडोझरने जुने बांधदगड केव्हाच नेले होते, तेव्हा आठवणीवर भिस्त होती. एकेक जण उठला आणि आपलं कुरण कुठे होतं ते शपथेवर सांगू लागला. दोन तासांत असं सिद्ध झालं की सिमेंटखाली कुणाचीच जमीन नव्हती. सगळ्यांची गवतातच होती, आणि बरीचशी एकावर एक होती. आवाज चढले. दोन साडू एकमेकांना कुरव म्हणाले. जागेबद्दल वाद नव्हता तो एकाच तुकड्याबद्दल, कारण त्याला ओढ्याची साक्ष होती. तो कोल्के भावांचा.

एपिफानियो पुन्हा उठला.

"सिमेंट आमच्या नावावर लिहा," तो म्हणाला. "सगळं. ओढ्याकाठचं गवत बाकीच्यांना वाटून द्या."

वही घेऊन बसलेल्या चिटणिसाने विचारलं, "आमच्या म्हणजे?"

"माझ्या आणि दादाच्या."

सगळ्या हॅटा सातुर्निनोकडे वळल्या. अकरा वर्षं कुंपणाच्या तारांतून ज्याने ते गवत पाहिलं होतं, तो पानं चघळत होता.

"मला विचारलंस?"

"आता विचारतोय."

"सगळ्यांसमोर?"

"जमीन मागितली होती तीही सगळ्यांसमोरच, दादा."

सातुर्निनोने मान वर केली. भावाच्या चेहऱ्यावर टोमणा बसेल एवढी जागा त्याला सापडली नसावी.

"लिही," तो चिटणिसाला म्हणाला. "आधी त्याचं नाव. माझं खाली."

चिटणीस लिहू लागला. लांबी दोन हजार चारशे मीटर. रुंदी तीस. मग त्याची पेन्सिल थांबली. "पीक?"

"काही नाही," एपिफानियो म्हणाला.

"काही नाही असं प्रांताच्या कचेरीत चालत नाही. यादीतलं एक सांगावं लागतं. बटाटा, किनोआ, सातू, चराई."

"चराई लिही," सातुर्निनो म्हणाला, आणि अंगठा उठवून निघाला. त्याचे लामा डोंगराच्या बाजूला होते, आणि तिथवर जायला तास लागायचा. एपिफानियो त्याच्यामागून गेला नाही. दालनाच्या किल्ल्या आता कुणाकडे द्यायच्या, हे त्याला सभेला विचारायचं होतं. पण सभेतलं वाटप उत्तरेच्या टोकापर्यंत पोचलं होतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.