कुंडलिकाचं पान आणि मी

मित्रांनो, आधी हात दाखवा. दगड नाही ना? पाठीमागे लपवलेला हातही पुढे करा. बरं. आता थोडे लांबच बसा, म्हणजे सांगतो.

मी निरवांगीचा एक जुना कावळा आहे. नीरेच्या काठी जिथं गावाचे दहावे होतात, तिथल्या लिंबावर माझा मुक्काम असतो. मी फार संशयी आहे असं सगळे म्हणतात. का नसावं? ज्या घरट्यात मी अंड्यातून बाहेर आलो, तिथं माझ्या शेजारी आ वासून बसणारं भावंड कोकिळेचं निघालं! आई बिचारी त्यालाही भरवत राहिली. घरातच असा प्रकार, तर बाहेरच्यांचं काय सांगावं? तेव्हापासून माणूस वाकला की मी उडतो. तो पायातला काटा काढत असला तरी उडतो.

अशा माझ्या वाट्याला कुंडलिक आला. पाटाच्या पाण्यावर त्याची पेरूची बाग होती आणि कडेनं वांगी, मिरच्या. दिवस उगवायच्या आधी तो शेतात असायचा. पाण्याची पाळी आली की गुडघाभर चिखलात दारं धरायचा. पाट्या भरून बैलगाडी बारामतीला छोट्या आगगाडीवर न्यायचा आणि परत आला की न टेकता पुन्हा खुरपं हातात घ्यायचा. धाकट्या भावाला, हिंदुरावाला, त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. पेरू पिकले की कुंडलिक आम्हाला हाकलायला गोफण फिरवी, पण तिच्यात दगडाऐवजी ढेकूळ घाली. ते हवेतच फुटायचं. मला वाटायचं, हा आपल्याला गाफील करतोय, एक दिवस खरा दगड येणार.

दुपारी बांधावर जेवायला बसला की तो पहिला घास माझ्यासाठी बाजूला टाकायचा. फुकटचा घास! मी आधी साळुंकीला खाऊ द्यायचो आणि ती मरते का ते बघायचो.

कुंडलिक हसायचा. "काय रं, येवढा कसला इचार करतुयास? ठेचा झोंबला आसंल तर ऱ्हाऊ दे, नुसती भाकर खा."

तो पाणी बघायला गेला की मगच मी खाली उतरायचो. वर्षानुवर्षं असंच चाललं. साळुंकी काही मेली नाही.

मग एकदा शेळगावच्या वाटेनं त्याची गाडी येताना दिसली. आत कुणीतरी पदर तोंडावर ओढून आडवं पडलं होतं आणि कुंडलिक स्वतः बसायचं सोडून बैलांच्या बरोबरीनं चालत होता. मला वाटलं, मेलं कुणीतरी. मी गाडीवर घिरट्या घातल्या. ती त्याची शेळगावला दिलेली लेक रतन होती. पाणी प्यायला तिनं हात बाहेर काढला, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत तापल्या उलथन्याचे डाग दिसले.

त्यानंतर रतन बागेतच राबू लागली. हिंदुरावाला ते पटेना. गावात तोंड दाखवायची चोरी झाली, असं तो येता-जाता बोलायचा.

"दादा, हिला कवा पाठीवतुयास माघारी?"

"बघू," एवढंच कुंडलिक म्हणायचा आणि कामाला लागायचा. भांडण त्याच्या स्वभावातच नव्हतं. पण त्या 'बघू'चा अर्थ त्यानं कधी कुणाला उलगडून सांगितला नाही. ती एक गोष्ट तेवढी राहून गेली.

सदतीस सालच्या थंडीत, रात्रीच्या पाळीला पाण्यात उभं राहून त्याला ताप भरला. त्यातून तो उठला नाही.

दहाव्याला सगळं घर नदीवर आलं. पिंड मांडला. शेजारी पानावर भाकरी, वांग्याचं भरीत आणि त्याची तंबाखूची चंची ठेवली. सगळे मागे सरले आणि माझ्याकडे बघत हात जोडून उभे राहिले. आता तुम्हीच सांगा, एरवी दगड मारणारी माणसं एकदम हात जोडायला लागली, तर त्यात काहीतरी काळंबेरं नसेल का? त्यातून हिंदुरावाच्या हातात काठी होती. ह्याच हिंदुरावानं आमच्यातल्या एकाला मारून बागेत बांबूला टांगलं होतं. मी जागचा हललो नाही. मी सगळ्यांत जुना, म्हणून बाकीचेही हलले नाहीत.

खाली कुजबुज सुरू झाली. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिली, असं ही माणसं मानतात. कशात जीव अडकलाय? जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा संशय मी कावळ्यांतही पाहिला नाही. शेवटी सगळ्यांच्या नजरा रतनवर येऊन थांबल्या.

"दादाचा जीव हिच्यातच हाय," हिंदुराव म्हणाला. "नांदती लेक घरात येऊन बसली, त्या घोरानंच गेला त्यो. रतन, सासरी जाते म्हण. मग बघ शिवतो का न्हाय."

भरल्या घाटावर तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. तिनं हात जोडले, बांगड्या मागे सरकल्या, डाग उघडे पडले. "आबा, जाते मी," ती म्हणाली. "जाते सासरी. तुमी जेवा."

हिंदुरावानं काठी खाली ठेवली आणि तोही हात जोडून उभा राहिला. आता ना काठी होती, ना दगड. भरताचा वास वरपर्यंत येत होता आणि मला सपाटून भूक लागली होती. पण आत्ता कुणी शिवलं असतं, तर रतनला सासरी जावं लागलं असतं. शेजारच्या पोरसवदा कावळ्यानं पंख उघडले. मी त्याला अशी चोच मारली, की तो फांदीवरून पडता पडता राहिला.

तेव्हा धोंडाबाई, कुंडलिकाची बायको, पदर सावरत पुढे आली.

"भावजी, बास करा," ती म्हणाली आणि पिंडाकडे वळली. "आवं, ऐकताय का? रतन कुठं बी जायाची न्हाय. तुमी तिला गाडीत घालून आणली, ती तुमच्याच घरात ऱ्हाईल. माझ्या भाकरीतली भाकर खाईल. आता तरी जेवा."

मी खाली उतरलो आणि सगळ्यांच्या देखत पिंडाला चोच लावली. मग पानाकडे वळलो. माणसाच्या नजरेसमोर मी पहिल्यांदाच खाल्लं. भरीत जरा खारट होतं.

"शिवला! शिवला!" सगळे ओरडले. हिंदुरावाला ते मानावंच लागलं, कारण मला पंच त्यानंच नेमलं होतं. रतन घाटावर बसून मोठ्यानं रडली. आज ती बाग तीच बघते.

कावळ्याच्या तोंडून कुंडलिक बोलला, असं गावात अजून म्हणतात. खोटं आहे ते. तो त्याचं काही सांगायला माझ्याकडे आला नव्हता. मित्रांनो, म्हणून आता मीच पंख जोडतो, माझी एवढी विनवणी ऐका. घरासाठी झिजणारा माणूस समोर भाकरी खात बसलेला असतो, तेव्हाच त्याला विचारा, बाबा, तुझ्या मनात काय आहे? तो 'बघू' म्हणाला तर उठू नका, पुन्हा विचारा. सगळं आमच्यावर सोपवू नका. त्या दिवशी मी भुकेला होतो, आणि लेकीला परत धाडायचं की नाही हे माझ्या पोटावर ठरणार होतं.