बर्फातल्या बरण्या

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहाबाहेर, भिंतीलगतच्या बर्फात काचेच्या बरण्या रोवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत पाणी आणि त्यावर तरंगणारे हिरवे खडे; कुणाचे वाटाण्याएवढे, कुणाचे बोराएवढे. खडे ज्याच्या त्याच्या पोटातून निघालेले. आत माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि ज्याचे खडे मोठे, त्याला पुढची खुर्ची मिळत होती.

ओइवा पुढेच बसला होता. वजन उतरल्याने त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं; खांद्यावर सैल पडलेला कोट त्याच्या बहिणीला, केर्त्तूला, मागूनही दिसत होता. पानगळीत त्याला शौचातून रक्त जाऊ लागलं. इस्पितळाने आतड्याच्या तपासणीची तारीख दिली, तेवढ्यात आर्मास तोल्वानेन हा वैदू गावात आला आणि ओइवाने ती तारीख रद्द केली.

"रक्त दिसलं की आनंद माना," तोल्वानेन नेहमीचंच सांगत होता. "पित्ताशयातला खडा घासत बाहेर येतोय. उपास करा, जुलाबाचं कडू मीठ घ्या, वर लिंबाचा रस घालून पेलाभर ऑलिव्ह तेल. राय धान्याचा काळा पाव बंद, तो आतडं खरवडतो. आणि खडे थंडीतच ठेवा. ऊब लागली की त्यांचं विष परत अंगात शिरतं."

निवृत्त होईपर्यंत केर्त्तूने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. उबेला भिणारा दगड तिने कधी पाहिला नव्हता. म्हणून तिनेही ते तेल पिऊन बघितलं होतं.

ती उठली, बाहेरच्या बर्फातून आपली बरणी घेऊन आली आणि पुढे गेली. तोल्वानेनने ती उजेडात धरली.

"वा, बाई. पित्ताशय गच्च भरलं होतं तुमचं."

"खडे नक्की तिथलेच?"

"दुसरीकडून कुठून येणार?"

"माझं पित्ताशय कुओपिओ शहरातल्या डॉक्टरांनी केव्हाच काढून टाकलंय."

तोल्वानेन हसला. "काहीतरी घोटाळा होतोय तुमचा."

"घोटाळा कसला, वैद्यबुवा?" मागून म्हातारी लेम्पी म्हणाली. "आम्ही बायका दर शनिवारी हिच्याबरोबर सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, उघड्या अंगाने बसतो. बरगडीखाली वीतभर व्रण आहे. मावशीला अस्वलाने ओरबाडलं का, असं माझ्या नातीने विचारलं होतं."

"अवयव गेला तरी त्याची आठवण राहते."

"आठवणीला खडे होतात होय?"

कुणीतरी हसलं. ओइवा हसला नाही.

केर्त्तूने एक खडा चमच्यात घेतला आणि चमचा कॉफीच्या गरम किटलीच्या झाकणावर ठेवला. लोक उभे राहून बघू लागले. खडा आधी चकाकला, मग बसका झाला आणि त्याचं हिरवट तेल झालं.

"पित्ताचा खडा एवढ्याशा उबेने वितळत नाही," ती म्हणाली. "आपण प्यायलो ते तेल. पोटातले रस त्यातली मेदाम्लं सुटी करतात, ती क्षारांशी जुळतात, आणि साबणाच्या गोळ्या होतात. यकृतातून येणारं पित्त त्यांना रंग देतं. आणि काळा पाव? त्यातला कोंडा आतड्यातले जंतू खातात. त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. नेमकं तेच यांनी तुमच्या ताटातून काढलं."

तोल्वानेन बाटल्या पेटीत भरू लागला. "ज्याची श्रद्धा नाही त्याला गुण येत नाही," असं म्हणत तो बाजूच्या दाराने निघून गेला.

ओइवा जागचा हलला नाही. "मग रक्त कशाचं, ताई?"

"मला माहीत नाही. तेच बघायला इस्पितळाने बोलावलं होतं तुला."

"उशीर झाला असेल तर?"

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. "सोमवारी इस्पितळात फोन कर. मी सोबत येते."

त्याने मान हलवली. बाहेर येऊन त्याने आपली बरणी बर्फावर उपडी केली. पण शेजारची काही माणसं त्याच्या देखत आपापल्या बरण्या बर्फ भरलेल्या पिशव्यांत लपवून घरी नेत होती, ऊब लागणार नाही अशा बेताने.

शरीरातून रक्त जात असेल तर त्याचं कारण शोधावं. त्याचा आनंद मानायला सांगणारा माणूस शोधू नये. आणि अमुक एक गोष्ट तपासू नका असं कुणी बजावलं, तर आधी तीच तपासावी.