पिनरला न गेलेले तीन रविवार

मित्रांनो, इल्फर्डच्या पुढे भंगारात काढलेल्या गाड्यांचे एक आवार आहे. तिथे मागच्या रांगेत जी पांढरी, सोळा आसनांची मिनीबस उभी आहे, ती मी. माझे दोन टायर कधीच काढून नेले आहेत. पण दरवाज्याच्या वर अजून थोडी निळी अक्षरे दिसतात. येणारे-जाणारे विचारतात, ही कुठली लिपी? ती अर्मेनियन आहे. 'आपले स्वागत आहे' असा तिचा अर्थ. ती अक्षरे वारूझानने स्वतः शिडीवर चढून रंगवली होती.

माझा जन्म १९९६ सालचा. पहिली पाच वर्षे मी एका शाळेच्या मुलांना पोहण्याच्या तलावावर नेत असे. ओले टॉवेल, चुरलेली बिस्किटे आणि प्रचंड आरडाओरडा एवढेच मला त्या दिवसांतले आठवते. मग २००१ साली पश्चिम लंडनमधल्या एका लहान अर्मेनियन चर्चने मला घेतले. त्यांचे फादर, देर नेर्सेस, अंगणात आले आणि त्यांनी माझ्यावर मंत्रलेले पाणी शिंपडले. म्हणाले, "आपली म्हातारी माणसं आता बस बदलत बदलत येऊ शकत नाहीत. ती येत नाहीत, तर आपण त्यांना आणू."

त्या दिवसापासून मला काम मिळाले.

अर्मेनियन माणसे लंडनभर विखुरलेली होती. कोणी सायप्रसहून आलेले, कोणी बगदादहून, कोणी बैरूतहून. आठवडाभर त्यांची भाषा बोलायला शेजारी कोणी नसे. रविवारी सकाळी ती माझ्यात येऊन बसली की पहिली दहा मिनिटे सगळी एकदमच बोलत. उपासना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये सर्वांचे एकत्र जेवण होई. जे आजारी असत त्यांचे डबे माझ्या मागच्या बाकावर ठेवले जात आणि ते पोचवल्याशिवाय माझा दिवस संपत नसे. ऑगस्टमध्ये द्राक्षांना आशीर्वाद देण्याचा सण येई. त्याआधी द्राक्षांच्या पेट्या मीच आणत असे. त्या वासाने मी चार दिवस दरवळत राही.

माझा चालक वारूझान निकोसियाहून तरुणपणी आलेला. जन्मभर लोकांच्या घरी गालिचे बसवण्याचे काम केले, गुडघे गेले, मग निवृत्त झाला. त्याचा आवाज मोठा, मन हळवे. कोणाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला घाम फुटे.

माझा पहिला थांबा पिनरला होता, सर्वांत लांबचा. तिथे सिरवार्दबाई राहत. वय चौऱ्याऐंशी. वारूझान त्यांना 'दिगिन सिरवार्द' म्हणे. दिगिन म्हणजे बाई. नवरा जाऊन वीस वर्षे झालेली, मुलगा कॅनडात. चर्चमध्ये वाटायच्या प्रसादाची पातळ भाकरी वर्षानुवर्षे त्याच लाटत आणि कापत. पुढे त्यांची नजर गेली. आंधळ्या झाल्या नाहीत, पण कडेकडेचे तेवढे दिसे आणि मधोमध काळा डाग. माणूस ओळखू येई, अक्षर दिसत नसे, फोनवरचे आकडेही नाही.

म्हणून त्या आठवडाभर आलेली पत्रे पिशवीत साठवून ठेवत. रविवारी सव्वाआठला मी त्यांच्या दारात थांबले की त्या वारूझानच्या मागच्या आसनावर बसत आणि पिशवी पुढे करत. गाडी सुरू करण्याआधी तो सगळी पत्रे मोठ्याने वाचून दाखवी. कौन्सिलचे, हॉस्पिटलचे, मुलाचे. मुलाचे पत्र दोनदा.

"शेजारची डॉक्टरीण वाचून देईल की," तो एकदा म्हणाला.

"देईल. पण तिला आपलं वाचता येत नाही. आणि घरातल्या गोष्टी घरातल्याच माणसाने वाचाव्यात, पोरा."

ही शेजारची डॉक्टरीण म्हणजे प्रमोदिनी. ती आणि तिचा नवरा उल्हास, दोघेही मराठी. इथल्या हॉस्पिटलांत तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले. द्राक्षांच्या सणानंतर सिरवार्दबाई त्यांच्याकडे एक घोस नक्की पाठवत, आणि दुसऱ्या दिवशी तो वाडगा साबुदाण्याची खिचडी घेऊन परत येई.

मित्रांनो, पाच वर्षे अशी गेली. मग २००६ चा हिवाळा आला. हॅरोजवळचा मोठा रस्ता खोदून ठेवला होता आणि पिनरहून परत यायला मला तासापेक्षा जास्त वेळ लागू लागला. सलग चार रविवार आम्ही इतक्या उशिरा पोचलो की शुभवर्तमानाचे वाचन संपलेले होते.

वेम्बलीला चढणाऱ्या अझनिवबाईंनी तोंड उघडले. त्या बोलायला फटकळ. "एका माणसासाठी आम्ही अकरा जण अर्धी उपासना चुकवायची का? पिनरला दुसरं कोणी राहतं तरी का?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुढच्याच आठवड्यात समितीची सभा झाली. सभेनंतर देर नेर्सेस आणि वारूझान माझ्या दरवाज्याजवळ येऊन उभे राहिले.

"रस्ता होईपर्यंत पिनर बंद," फादर म्हणाले. "वसंतात पुन्हा बघू. सेक्रेटरी पत्र पाठवतोय. पण तू एक फोन कर, वारूझान. तुझ्या तोंडून कळलेलं बरं."

"करतो," तो म्हणाला.

त्याने फोन केला नाही. तीन दिवस तो माझ्या काचा पुसता पुसता शब्द जुळवत होता. 'दिगिन सिरवार्द, थोड्या दिवसांसाठी...' एवढे म्हणे आणि थांबे. चौथ्या दिवशी स्वतःशीच म्हणाला, "आता पत्र मिळालंच असेल."

सिरवार्दबाईंची पत्रे कोण वाचते, हे सगळ्या लंडनमध्ये त्यालाच ठाऊक होते. आणि नेमके तेच तो विसरला. का विसरला, हे मला कधीच कळले नाही. कदाचित विसरणे सोयीचे होते.

पहिल्या रविवारी आम्ही वेळेआधी पोचलो. अझनिवबाई वारूझानच्या मागच्या आसनावर बसल्या आणि म्हणाल्या, "बघा, कसं छान वेळेवर!" सगळे हसले. सिरवार्दबाई कशा येणार, असे कोणी विचारले नाही. फादरना वाटले, कोणीतरी आणून सोडील. दुसरा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या रविवारी झाडांवर पांढरे दव गोठले होते आणि माझे इंजिन दोनदा बंद पडले.

त्याच दिवशी दुपारी, जेवणे चालू असताना, चर्चचा फोन वाजला. वारूझान धावत बाहेर आला. त्याच्या हातात अजून काटा होता. त्याने मला सुरू केले आणि आम्ही थेट पिनरला गेलो. दारात प्रमोदिनी कोट घालून उभी होती. ती पुढे बसली आणि हॉस्पिटलच्या वाटेवर तिने सगळे सांगितले.

"आम्ही तीन आठवडे पुण्याला होतो. कालच आलो. सकाळी उल्हास दूध आणायला गेला, तर कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी या पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलंय. किती वेळ पडल्या होत्या देव जाणे."

"कोपऱ्यावर? तिथे कशाला गेल्या?" वारूझानने विचारले.

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, दोन रविवार दारातल्या भिंतीवर बसून राहिले, गाडी आली नाही. तुम्ही आजारी असाल असं वाटलं त्यांना. या आठवड्यात आलात, तर गल्लीत गाडी वळवायचा त्रास नको, म्हणून स्वतःच कोपऱ्यापर्यंत गेल्या. अँब्युलन्समध्ये सारखं तुमचंच नाव. त्याची तब्येत बरी आहे का, ते बघ म्हणत होत्या."

पुढच्या सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी वारूझान जागचा हलला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले.

मी हॉस्पिटलच्या आवारात उभी राहिले. तासाभराने दोघे परत आली. दार लागले, पण चावी फिरली नाही. मग प्रमोदिनीने विचारले, "एक विचारू? त्यांनी पिशवीतून पत्र काढलं आणि तुम्ही वाचलंत. त्याच्या एका बाजूला तुमची भाषा होती, पण मागची इंग्रजी बाजू माझ्याकडे होती. रस्ता होईपर्यंत गाडी येणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. मग त्या हसल्या कशाला?"

"कारण मी ते वाचलंच नाही." त्याचा मोठा आवाज पार बसला होता. "म्हणाल्या, चर्चचं पत्र आलंय, तुझ्यासाठी ठेवलंय. तीन आठवडे ठेवलं होतं, डॉक्टर! मी म्हटलं, यात लिहिलंय, पुढच्या रविवारपासून गाडी पंधरा मिनिटं लवकर येईल. आणि पायरी उंच पडते, म्हणून खाली ठेवायला लाकडी पाट करून घेतलाय."

"आणि पत्र?"

"परत मागितलं त्यांनी. पिशवीत ठेवलं. मी नाही कसं म्हणू?"

त्या संध्याकाळी वारूझानने समितीपुढे सगळे कबूल केले. देर नेर्सेस मान खाली घालून म्हणाले, "मी तुला सांगून मोकळा झालो. मीच जायला हवं होतं." पुढच्या रविवारी ही गोष्ट माझ्यातही सर्वांना कळली. अझनिवबाई उठल्या, त्या आसनावरून मागे जाऊन बसल्या आणि रुमालात तोंड लपवून रडल्या. "मला सातला घ्या," त्या म्हणाल्या. "सहाला घ्या. पण पिनरला जा."

पिनर पुन्हा सुरू झाले. वारूझानने खरोखरच पाट बनवला, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर गालिच्याचा तुकडा ठोकला. आपल्या मागचे आसन रिकामे ठेवले. दर बुधवारी फादर आणि अझनिवबाई हॉस्पिटलात जाऊ लागले. सहा जानेवारीला, आमच्या नाताळाला, मी अर्ध्या चर्चला घेऊन सिरवार्दबाईंच्या वॉर्डाबाहेर उभी होते. नर्सने दोघादोघांनाच आत सोडले. बाकीचे माझ्यात बसून आपला क्रम येण्याची वाट पाहत होते. इतकी माणसे त्यांना याआधी भेटायला आली असती तर, असा विचार माझ्या मनात आला आणि तो अजून जात नाही.

फेब्रुवारीत त्यांच्या छातीत कफ झाला. दहा दिवसांत त्या गेल्या. त्या पाटावर त्यांचे पाऊल कधीच पडले नाही.

अंत्यविधीनंतर मी प्रमोदिनी आणि उल्हासला घरी सोडायला निघाले. वारूझान गाडी चालवता चालवता म्हणाला, "एकाच गोष्टीचं समाधान आहे. त्यांना कळलं नाही. शेवटपर्यंत त्यांना वाटलं, गाडी येतेय."

प्रमोदिनी खिडकीबाहेर बघू लागली. उल्हासने तिच्याकडे पाहिले आणि मराठीत विचारले, "तू सांगणार आहेस का त्यांना?"

"अहो, हळू बोला."

"त्यांना कुठे मराठी कळतंय? बाई पडल्या त्याच दिवशी संध्याकाळी तू परत जाऊन त्यांना ते पत्र वाचून दाखवलंस, हे यांना कळायला नको का?"

"त्यांनी स्वतः पिशवी पुढे केली हो. म्हणाल्या, त्याचा आवाज आज कापत होता, खरं काय लिहिलंय ते तू वाच. मी वाचलं. मला वाटलं, आता चिडतील. तर माझा हात धरून म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. पाट करणार आहे म्हणाला ना, करू दे त्याला."

"म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं."

"सगळं. आणि रोज तो भेटायला आला की त्याला विचारायच्या, पाट कुठवर आला?"

पुढे वारूझान रस्त्याकडे बघत होता. त्याला एक शब्द कळला नाही. मला मात्र सगळे कळले, आणि मी ते दोन वर्षे त्याच्याबरोबर फिरवले.

त्यानंतर थांबा किंवा वेळ बदलली की तो फोनही करत नसे. आदल्या दिवशी मला घेऊन घरोघर जाई आणि दारात उभा राहून सांगे. लोक वैतागत, त्याला बोलत. तो ऐकून घेई. पिनरच्या कोपऱ्यावर आला की मात्र गाडी अगदी हळू करी, पुढे थांबा नसला तरी. २००९ साली त्याचे गुडघे पूर्ण गेले आणि त्याच वर्षी मी तपासणीत नापास झाले. चर्चने दुसरी गाडी घेतली, खाली येणाऱ्या पायरीची. मला निरोप द्यायला तो काठी टेकत आला होता. माझ्या दारावर हात ठेवून तो नुसता उभा राहिला. त्या वेळी मला वाचा असती, तर सिरवार्दबाईंनी त्याला क्षमा केली होती, एवढे मी सांगितले असते. प्रमोदिनीने आपला शब्द पाळला, त्यात तिचे काय चुकले? पण त्या क्षमेची गरज ज्याला होती, त्याच्यापर्यंत ती कधीच पोचली नाही. गाडीत तिघे बसले होते आणि ती त्यांच्यामध्येच राहून गेली.

मित्रांनो, मी आज ना उद्या वितळून जाईन. मला तेल घाला, मला रंग द्या, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते. कोणाला नको असलेली बातमी द्यायची असेल, तर ती कागदावर सोपवून मोकळे होऊ नका. त्यांच्या दारात जा, बेल वाजवा, आणि समोर उभे राहून सांगा. ती माणसे चिडतील, कदाचित रडतीलही. पण थंडीत पिशवी मांडीवर घेऊन कोणाची वाट बघत बसणार नाहीत.